तापीचा उतार आणि भिकन भोई

भिकन भोई माणसांवर फारसा भरवसा ठेवत नसे, आणि वाळूवर तर मुळीच नाही. त्याचं पोटच या अविश्वासावर चालत होतं.

गोष्ट तीसच्या पुढच्या एक-दोन सालांतली. जिल्ह्याचं नाव तेव्हा पश्चिम खानदेश. तापीवर त्या बाजूला पूल नव्हता. पावसाळाभर नावेतून माणसं जायची-यायची, आणि दिवाळीनंतर नदीचं पाणी उतरलं की बैलगाड्या सरळ पात्रातून पलीकडे जायच्या. पात्र अर्धा कोस रुंद. त्यात पाणी थोडं, वाळूच फार. त्या वाळूतून गाडी कुठून घालायची, ती वाट म्हणजे उतार. उतार दरसाल वेगळा, कारण पुरात तापी आपलं अंथरूण झटकून नव्याने घालते. तो शोधायचा, त्याच्या दोन्ही अंगांना नदीकाठच्या झाऊ-झुडपाच्या फांद्या रोवून खुणा करायच्या आणि यात्रा-बाजारांचा हंगाम संपेपर्यंत त्याची राखण करायची, हा मान भिकनच्या घराण्याकडे होता.

माणूस उंच, कोरडा, पन्नाशीचा. जन्मात कधी जोडा घातला नाही. कार्तिकातल्या सकाळी तो पात्रात उतरला की काठावरची मंडळी हातातली कामं टाकून बघत बसायची, जणू नांदी झाली आणि आता मुख्य नट येणार. आधी टाच टेकवायचा, मग चवडा. एका जागी उभा राहून अंग हलवायचा, पायाखाली काय होतं ते बघायचा. मूठभर वाळू उचलून हातावर चोळायचा, चार दाणे दाताखाली धरायचा.

त्याचा बाप भिला त्याला सांगून गेला होता, की वाळूचा दाणा एकटा उभा राहत नाही, शेजाऱ्याला टेकून राहतो. डोंगरातल्या नाल्याची वाळू कोनदार असते, दाण्यात दाणा अडकतो, ती ओझं पेलते. लांबून लोळत आलेली तापीची वाळू गोटीसारखी गोल, ती निसटते. मोठे दाणे आणि बारीक दाणे मिसळलेले असले तर पोकळी भरते, वाळू घट्ट बसते. सगळे एकाच मापाचे असले तर ढिली राहते. कोरडी वाळू चाक गिळते, जरा ओलसर असली तर मुठीत लाडू वळतो आणि चाक वर राहतं. आणि वर गाळाची पापडी धरलेली असेल तर आधी पापडी फोडून खाली बघ, मगच बोल.

वाळूवर वापरायचा संशय भिकन घरीही घेऊन यायचा. शेळ्या दोनदा मोजायचा. स्वतःच्या लग्नात हळद अंगाला लावू देण्याआधी त्याने तिचा वास घेतला होता, असं त्याची बायको धनुबाई हसून सांगायची. आणि एक गोष्ट त्याने तिलाही सांगितलेली नव्हती. दर फांदीच्या बुडाशी तो हातभर खोल एक खापराचा तुकडा पुरून ठेवायचा. उद्या कोणी खूण हलवली तर आपल्याला कळावं म्हणून.

त्या साली मार्गशीर्षातल्या अष्टमीला उताराने दगा दिला.

पलीकडच्या काठावर पौर्णिमेची यात्रा भरायची होती. तिच्यासाठी एक नाटक मंडळी आली होती. नटमंडळी नावेतून आधीच गेली. मागून त्यांचं सामान गावातल्या चुनीलाल पटेलांच्या दोन गाड्यांत चाललं होतं. चुनीलाल कपाशीवाले मोठे शेतकरी, कैक पिढ्यांपूर्वी गुजरातेतून येऊन तापीकाठी रुजलेल्या घरातले. पुढच्या गाडीत पेट्या, पायपेटी आणि राजवाड्याचा रंगवलेला पडदा. वाटेत एक दोर ढिला झाला म्हणून गाडीवानाने गाडी थांबवली. बैल उभ्या जागी पाय आपटत राहिले. दोर आवळून तो वळतो तर चाकं आसापर्यंत आत. बैलांनी जोर केला तशी गाडी आणखी खाली. माणसं धावली, पेट्या खांद्यावर काढल्या, बैल सोडवले. पण एका बैलाचा पुढचा पाय कायमचा गेला. पडदा पाण्यात भिजला. मंडळीने यात्रेत पुढे तोच लावला, आणि राजवाड्याच्या भिंतींवर गुडघाभर पुराची खूण घेऊन राजाने आपलं भाषण केलं. नाटकवाल्यांना असल्या गोष्टींचं काही वाटत नाही. गावाला मात्र वाटलं.

त्याच दुपारी दोधू पाटलांनी चावडीवर भिकनला बोलावलं. पाटील म्हातारे, बोलणं हळू, डोळे बारीक.

"भिकन, वाट तुन्ही. गाडी तुन्हा खुणासना मझारच फसनी."

"आबा, वाट पक्की व्हती. वीस-बावीस दिन गाड्या गयात ना? कोनीतरी खुणा हालाड्यात."

चुनीलाल भिंतीला टेकून बसले होते. "मन्हा बैलना पाय गया, आनि हाऊ खुणासनं गाणं गाई ऱ्हायना."

दारात भिकनचा चुलतभाऊ सुकलाल उभा होता. दहा वर्षांनी लहान, हसरा, नाव चालवायचा. उताराचा मान आपल्याकडे यावा असं त्याच्या मनात फार दिवसांपासून होतं, आणि ते कोणापासून लपलेलं नव्हतं. तो म्हणाला, "दादाले सोतानी सावलीना भी संशय येस."

लोक हसले. पाटील हसले नाहीत. ते म्हणाले, सात दिवसांनी पौर्णिमा. दोनशे गाड्या, बायकापोरं, म्हातारेकोतारे याच वाटेने जाणार. "चार दिन देस तुले. कारण सांग. नही तर उतार सुकलालना."

भिकन उठला तो थेट नदीवर. सुकलालचं ते हसू त्याच्या डोळ्यांपुढून जाईना. फांद्या यानेच सरकवल्या, आता फक्त उघडं पाडायचं. दिवस मावळेपर्यंत त्याने एकेका फांदीच्या बुडाशी उकरलं. अठ्ठावीस फांद्या आणि अठ्ठावीस खापराचे तुकडे, प्रत्येक आपल्या जागी. एकही खूण बोटभर हललेली नव्हती. चोर हातचा निसटावा तसा भिकन खट्टू होऊन वाळूत बसून राहिला.

रात्रभर त्याने दुसरा गुन्हेगार शोधला. चुनीलालकडे नव्या माडीचं बांधकाम चाललं होतं. बांधकामाला वाळू लागते. त्यांच्या माणसांनी उतारातूनच वाळू नेली असेल, खड्डे पडले असतील, ते वरवर ढिल्या वाळूने बुजवले असतील, आणि आता स्वतःचीच गाडी त्यात रुतली. उकरून पुन्हा भरलेली वाळू कधीच पहिल्यासारखी बसत नाही, हे त्याच्याएवढं कोणाला ठाऊक होतं? सकाळी तो चुनीलालच्या अंगणात उभा राहिला. वाळूचा ढीग समोरच होता. त्याने मूठ भरली.

चुनीलालच्या पत्नी जसोदाबाई ओसरीवरून बघत होत्या. "भिकनभाई, ही वाळू खावाले उनात का?"

"चव दखस, बाई."

दाणे दाताखाली करकरले. टोकदार, काळपट, मध्ये गारगोटीची पांढरी कच. डोंगराच्या नाल्याची वाळू, तापीची नव्हेच. तेवढ्यात चुनीलाल बाहेर आले. त्यांना सगळं एका नजरेत कळलं.

"मन्हावर भी संशय लिना का तू?"

"लिना व्हता," भिकन म्हणाला. "आते नही."

"अन् माले तुन्हावर शे. तो जायेल नही."

तिसऱ्या दिवशी संशय घ्यायला कोणी उरलं नाही. तेव्हा कुठे भिकनने जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. गाडी जिथे रुतली तिथे तो उभा राहिला आणि अंग हलवलं. वरची गाळाची पापडी डुगडुगली, दुधावरची साय हलते तशी. त्याने पापडी फोडली. खालची वाळू हाताला लागेना. लागायची, पण तिच्यात बळच नव्हतं. दाणे एकमेकांना सोडून तरंगत होते. त्याने हातभर खड्डा केला. तळातून वाळूचे बारीक बुडबुडे उडत पाणी वर आलं, आणि वर येतच राहिलं.

नदीची धार तिथून वीस पावलांवर. भिकनला वाटलं, धारेचंच पाणी झिरपत असेल. पण संशयी माणूस मोजल्याशिवाय सोडत नाही. त्याने दोन काठ्यांना लांब दोरी ताणून बांधली, ताटलीत पाणी ठेवून दोरी समतल केली आणि बघितलं. खड्ड्यातलं पाणी नदीपेक्षा वीतभर वर होतं.

तो कितीतरी वेळ बघत राहिला. नदी खाली आणि खड्डा वर. नदीचं पाणी चढून वर येणार नाही. म्हणजे हे पाणी कुठून तरी अधिक उंचावरून, वाळूच्या पोटातून चालत येतंय. वरून पडलेलं पाणी वाळूला बसवतं. खालून आलेलं पाणी वाळूला उचलतं, आणि उचललेली वाळू कोणाचंच ओझं घेत नाही. वर पापडी होती म्हणून ते दिसलं नाही. हलक्या गाड्या चालत्या चालत्या निघून गेल्या. जड गाडी थांबली, बैल पाय आपटत राहिले, तेव्हा पापडी फुटली.

आता एवढंच बघायचं होतं, की पात्रात नदीपेक्षा उंच पाणी कोणी साठवलंय.

भिकन वरच्या अंगाला चालू लागला. वाळूचा एक दांडा ओलांडला. पलीकडे तापीची एक बारकी फाटलेली धार होती. तिच्यावर झाऊ, गवत आणि मातीच्या पोत्यांचा बांध, बांधामागे कमरेएवढं तुंबलेलं पाणी, आणि बाजूला वाळूत चर खणून, शेणखत भरून केलेली टरबुजांची वाडी. भोयांच्या घरोघरी अशा वाड्या असतात. नदी उतरली की पात्रातच वाफे करायचे, उन्हाळ्यापर्यंत टरबुजं काढायची, पुरात सगळं जायचं, पुढच्या साली पुन्हा. ही वाडी भिकनच्याच घरची होती. वाफ्यात वाकून धनुबाई आणि त्यांची सून रेवाबाई कोवळे वेल सावरत होत्या.

इथेही भिकनचा स्वभाव सुटला नाही. त्याला आधी बायकोचाच संशय आला.

"हाऊ बांध कोनी उचला? मी वाट आखी तवय तो गुडघाभर व्हता."

धनुबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आखा गावले तपासीसन उनात, आते घर बाकी ऱ्हायनं व्हतं का? एकादशीले कोन बोलनं, वाफा कोल्ला शेतस, दोन थर पोता टाका? मी बोलनी का तुम्हीन?"

भिकन आठवू लागला. कार्तिकी पौर्णिमेला त्याने उतार आखला, सगळी वाळू चोख निघाली. मग अकरा दिवसांनी वद्य एकादशीला तो वाडीत आला. वाफे कोरडे पडत होते. त्याने स्वतः दोन पोती उचलून बांधावर टाकली होती. माणसांवर नाही, वाळूवर नाही, पण स्वतःच्या वाडीवर त्याने डोळे मिटून भरवसा ठेवला होता. दरसालचा बांध. पण दरसाल उतार कोसभर खाली असायचा. या साली पुराने वाट वर ढकलली, बांधाच्या अगदी बगलेत आणली, आणि भिकनने दोन्ही एकदम मनात आणली नाहीत.

सुनेने हळूच विचारलं, "मामा, काय व्हयनं?"

भिकन बांधाकडे बघत राहिला. मनात मात्र एक विचार डोकावला, आणि तो विचार कोणाच्याही मनात आला असता. आज रात्री बांध फोडावा. दोन दिवसांत पाणी ओसरेल, उतार पक्का होईल. चावडीवर जाऊन सांगावं, कोणीतरी खोडी केली होती, आता मी नीट केलं. खुणा हलवल्याचं ऐकून गावाचा अर्धा संशय सुकलालवर गेलाच होता. बाकीचा अर्धाही गेला असता. घराण्याचा मान राहिला असता.

धनुबाई त्याच्याकडे बघत होती. तीस वर्षं त्याच्याबरोबर काढल्यावर थोडा संशय तिलाही येऊ लागला होता. ती म्हणाली, "सुकलालनं नाव लेवानं ऱ्हायनं, तर आधी माले सांगा. मी माहेर जासू."

चौथ्या दिवशी भिकन चावडीवर गेला तो डोक्यावर तोंड फुटलेला माठ घेऊन. माठात तापीची बारीक वाळू, मध्ये गाठी फोडलेली वेळूची नळी तळापर्यंत रोवलेली. त्याने माठ थोपटून वाळू बसवली. चुनीलालच्या घरच्या कपाशीच्या काट्यावरून आणवलेलं पाच शेराचं लोखंडी वजन वाळूवर ठेवलं. वजन उभं राहिलं. वरून तांब्याभर पाणी ओतलं. तरी उभं. मग त्याने नळीच्या तोंडात हळूहळू पाणी ओतायला सुरुवात केली. नळीतलं पाणी खाली गेलं, तळातून वर चढलं, वाळू उकळल्यासारखी हलली, आणि वजन एका अंगाला कललं, आणि सावकाश, अगदी सावकाश, एखादा राजा आपल्याच दरबारात गुडघे टेकतो तसं आत गेलं.

मग सुकलाल म्हणाला, "नळीमा काहीतरी टाकेल व्हई."

चुनीलाल उठले. माठ रिकामा करून त्यांनी स्वतः वाळू भरली, स्वतःच्या घरचं पाणी आणवलं, नळीत फुंकर मारून बघितली. वजन पुन्हा बुडालं.

"म्हणजे वाळूले कोनी खालून पाणी पाजं," पाटील म्हणाले. "कोनी?"

"मी. मन्हा वाडीना बांध शे. मी सोता उचला."

आता सगळं मिटायला हवं होतं. पण गाव ते गाव. लोक एकमेकांकडे बघू लागले. इतका संशयी माणूस, आणि स्वतःवर आळ घेतोय, म्हणजे याच्या पोटात आणखी काहीतरी असणार. कोणी म्हणालं, पोराला वाचवतोय. कोणी म्हणालं, सुकलालशी आतून संगनमत आहे. पाटलांनीही डोळे आणखी बारीक केले. "इतलं सरळ कोनी कबूल करस का, भिकन?"

"आबा, मी भी दुसरा कोनवर विश्वास ठेवत नही. तुम्हीन मन्हावर ठेवा, आसं मी सांगत नही. उद्या नदीवर या, सोता दखा."

निकाल झाला. बांध सूर्य मावळायच्या आत फोडायचा. या साली उतार सुकलाल आखणार. त्यावर भिकन फक्त एवढंच बोलला, की पाणी ओसरलं तरी उचललेली वाळू ढिलीच राहते, ती जनावरांकडून तुडवून घ्यायला हवी. गावात एवढ्या म्हशी एकाच घरी होत्या, चुनीलालकडे.

"मन्ह्या म्हशी? त्याच जागावर?" चुनीलाल म्हणाले. "आधी तुन्ही."

बांध धनुबाईनेच फोडला. भिकनने फावडं उचललं तर तिने ते हातातून घेतलं. वेल लावले होते तिने, मोडायचे ते तिनेच, असं तिचं म्हणणं. रेवाबाई पोती ओढत होती. तुंबलेलं पाणी एकदम सुटलं, दोन वाफे घेऊन गेलं. उरलेले पाण्यावाचून पिवळे पडणार होते. त्या उन्हाळ्यात त्या घरी टरबूज नव्हतं.

सकाळी खड्ड्यातलं पाणी चार बोटं उतरलेलं होतं, संध्याकाळी वीतभर. दुसऱ्या पहाटे भिकनने आपली एकुलती एक म्हैस उतारावर घातली. आधी ती घोट्याच्या वर रुतली. तो तिला फिरवत राहिला. दहाव्या फेरीला खूर नुसते उमटू लागले. काठावर चुनीलाल घोंगडी पांघरून उभे होते. त्यांनी गड्याला खूण केली, आणि सत्तावीस म्हशी पात्रात उतरल्या. ऊन चढेपर्यंत भिकन त्या कळपामागे फिरत होता, मध्येच वाकून टाच रोवून बघत होता.

पुढे दोन वर्षांनी सुकलाल नावेच्या कामाला कायमचा गेला आणि उताराचा मान पुन्हा भिकनकडे आला. बेचाळीसच्या सालापर्यंत, गुडघे साथ देत होते तोवर, त्याने वाट आखली, आणि दरसाल आखण्याआधी नदीच्या वरच्या अंगाला जाऊन सगळ्यांच्या वाड्या बघून आला, आपली सगळ्यांत आधी. लोक म्हणायचे, म्हाताऱ्याला सगळ्यांचा संशय. तो म्हणायचा, सगळ्यांना माझाही घेऊ द्या.

पण त्या पौर्णिमेची गोष्ट राहिली. दिवस उजाडायच्या आत गाड्यांची रांग लागली. सुकलालने नव्या फांद्या रोवल्या होत्या, आपला मान दिसावा म्हणून वाट हातभर डावीकडे नेली होती. त्याने काही बिघडत नव्हतं, म्हणून भिकन गप्प होता. तो बाजूला उभा राहून चाकांच्या चाकोऱ्या बघत होता. दोन बोटं खोल, जास्त नाही. घुंगरं वाजत होती, बायका गात होत्या. गाडी त्याच्याजवळ आली की माणसं जरा गप्प होत आणि पुढे जाऊन पुन्हा बोलू लागत.

चुनीलालची गाडी आली. आत जसोदाबाई आणि नातवंडं. पूर्वी गाडी रुतली होती त्या जागेवर चुनीलालनी मुद्दाम कासरा ओढला. मागच्या गाड्या खोळंबल्या, लोक ओरडू लागले. चुनीलाल खाली उतरले. त्यांनी चाकाकडे बघितलं नाही. भिकनकडे बघत राहिले.

भिकन आला आणि चाकाला लागून उभा राहिला. बैल पाय आपटत होते. वाळू जागची हलली नाही. बराच वेळ गेल्यावर चुनीलाल गाडीत चढले, जरा सरकले आणि बाजूच्या फळीवर हात मारून म्हणाले, "बस. पलीकडे उतरजो."

भिकनने आधी फळी हलवून बघितली, मग बसला.